रिकाम्या भूखंडाचे वारसदार



आजचा विषय पत्रिकेत छापून आल्यावर काहीजणांचा समज झाला की मी वृक्षारोपणावर बोलणार आहे. तसं नाही. वृक्षारोपणावर बोलणारे जूनमध्ये चौकाचौकांत भेटतात. त्यांच्या हातात रोप असतं आणि समोर फोटोग्राफर असतो. मला बोलायचंय ते रोपाखालच्या जमिनीबद्दल. घरांच्या गर्दीतून मधेच सुटलेला, कुणी ज्याच्याकडे धड बघत नाही असा एखादा तुकडा वस्तीची बाग कसा होतो, झाला तर कशावर टिकतो आणि हातचा कसा जातो, एवढंच.

असा तुकडा आपण सगळे ओळखतो. पावसाळ्यात कमरेएवढं गाजरगवत, कडेला रुई आणि एरंड, मध्ये कुणाच्या तरी फ्लॅटच्या दुरुस्तीचा राडारोडा, फुटलेलं कमोड, निर्माल्याच्या पिशव्या, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा उरलेला सांगाडा. गाजरगवताची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि आजही पडीक प्लॉट म्हटला की ते आधी हजर होतं. अशी जागा पाहिली की वाटतं, ही बेवारस आहे. शहरात बेवारस जमीन नसते. कुठे भावाभावांचा दावा कोर्टात पडलेला असतो, कुठे बिल्डर भाव चढायची वाट बघत असतो, कुठे विकास आराखड्यात बागेचं आरक्षण पडलेलं असतं आणि महापालिकेकडे मोबदल्याला पैसे नसतात. वारसदार असतातच, ते फक्त दिसत नाहीत. म्हणून अशा जागेची बाग करणं हे बागकामापेक्षा ताब्याचं काम जास्त आहे.

या कामाचा एक मूळपुरुष मुंबईत प्राध्यापक होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे, मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १८८० च्या दशकात लग्न झाल्यावर ते आणि त्यांची पत्नी अ‍ॅना एडिंबरोच्या जुन्या भागात, दाटीच्या आणि कळकट इमारतींत राहायला गेले. चांगल्या घरातली माणसं तिथून बाहेर पडत होती तेव्हा हे दोघे आत गेले. पुढे त्यांच्या 'आउटलुक टॉवर' या केंद्राच्या एका समितीने जुन्या शहरातली प्रत्येक पडकी, उकिरडा झालेली जागा हिंडून नोंदली आणि त्यांतल्या काही जागांच्या बागा केल्या. आखणी गेडिसांची मुलगी नोरा हिने केली, राबायला आसपासची माणसं आणि मुलं होती. बाग आणि नकाशा यांची जोडी तिथेच जमली: आधी मोजा, मग खणा.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या शहररचनेच्या प्रदर्शनाचं सामान ज्या जहाजात होतं ते जर्मनांच्या 'एम्डेन' या युद्धनौकेने बुडवलं. दुसरा कुणी परत फिरला असता. गेडिसांनी पत्रं धाडून नवं प्रदर्शन उभं केलं. मुंबई इलाख्यातल्या गावांवर अहवाल लिहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले, आणि आपल्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांना पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवण्यात त्यांचा हात होता. जुन्या वस्तीतून पट्टी ठेवून सरळ रस्ता काढणाऱ्या आणि आड येतील ती घरं पाडणाऱ्या इंजिनिअरांवर त्यांचा फार राग. त्यांचं म्हणणं असं की, अगदी मोडकळीला आलेली एखाददोन घरं काढा, त्या जागी एक झाड, एक पार, विहिरीभोवती बसायला थोडी जागा एवढं करा, आणि बाकीच्या घरांना हात लावू नका. वस्तीच्या पोटात मोकळी जागा तयार करायची, वस्ती मोकळी करायची नाही.

इंदूरची त्यांची हकिकत मला फार आवडते. होळकरांच्या त्या शहरात प्लेग होता. हातात नकाशे घेऊन गल्लीबोळांतून फिरणारा हा दाढीवाला साहेब घरं पाडायला आलाय, असं लोकांना वाटायचं. गेडिसांनी दरबाराकडून एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि दिवाळीच्या सुमाराला मिरवणूक काढायचं जाहीर केलं. मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार? ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून. झालं, घरोघर झाडलोट आणि रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत झाडूवाले पांढरे कपडे घालून, फुलं लावून चालले. प्लेगाचा प्रचंड उंदीर करून तो जाळला. आणि शेवटी तुळशीच्या रोपांच्या कुंड्या वाटल्या. बागेचं खातं, माळी, निविदा यांतलं काही नाही. ज्याच्या दारात कुंडी गेली, पाणी घालणं त्याच्याकडे.

हे सांगताना लोक नेहमी मिरवणुकीपाशी थांबतात. मला मात्र दुसऱ्या दिवसाची उत्सुकता असते. राजेपण एका दिवसाचं होतं. कुंडी घरात गेली म्हणून तुळस राहिली असेल. पण आळीतली जी जागा साफ झाली तिचं पुढे कुणी काय केलं, हे ठरवायला कुठलाही कागद नव्हता. उत्साहाने जागा साफ होते, ती ताब्यात राहत नाही. याचा धडा साठ वर्षांनी न्यूयॉर्कने नीट शिकवला.

१९७० च्या दशकातलं न्यूयॉर्क म्हणजे आज सिनेमात दिसतं ते नव्हे. १९७५ मध्ये ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. लोअर ईस्ट साइड आणि साउथ ब्राँक्स या भागांतले घरमालक इमारती सोडून देत होते, कर आणि दुरुस्ती परवडेना म्हणून. आगी लागत होत्या, काही लावल्या जात होत्या. कर थकला की जागा शहराच्या नावावर जायची आणि शहर तिथे इमारत पाडून विटांचा ढीग ठेवायचं. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी या चित्रकार बाईने आणि तिच्या सोबत्यांनी बॉवरी आणि ह्यूस्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा असा एक प्लॉट साफ करायला घेतला. स्वतःला त्यांनी 'ग्रीन गुरिला' म्हणवलं. गनिमी काव्याने लढणारे ते गुरिला. कुंपणापलीकडे जाता येत नसेल तिथे ते फुग्यात बी, माती आणि खत भरून आत फेकायचे. आपल्याकडे अलीकडे 'सीड बॉल' म्हणून सहलीला नेतात, त्याचा हा शहरी पूर्वज.

१९७४ मध्ये शहराने त्यांना तो प्लॉट महिना एक डॉलर भाड्याने दिला. हा एक डॉलर मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने जागा मिळाली, पण हक्क मिळाला नाही. तरी लोकांनी भरवसा ठेवला. १९७८ मध्ये शहराने 'ग्रीनथंब' नावाची योजना काढली, केंद्र सरकारच्या पैशातून माती, लाकूड आणि अवजारं दिली, आणि बागांची संख्या शेकड्यांत गेली. बुडाशी विटांचा चुरा आणि जुन्या रंगातलं शिसं, म्हणून भाजी थेट जमिनीत लावायची नाही. फळ्यांचे उंच वाफे करून त्यांत बाहेरची माती भरायची, हे शहाणपण तिथे अनुभवातून आलं. पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी या प्लॉटांवर 'कासिता' म्हणजे गावाकडच्यासारखी लाकडी घरटी बांधली, कोंबड्या पाळल्या, संध्याकाळी डॉमिनो खेळले, ढोल वाजवले. सुबक उद्यान बघायला आलेल्याला हे गबाळं वाटलं असतं. मला वाटतं, बाग वस्तीची झाल्याची याहून चांगली खूण नाही.

मग भाव चढले. ज्या भागात कुणी येत नव्हतं तिथे सगळे येऊ लागले, आणि त्यात या बागांचाही हात होता. महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी १९९९ मध्ये शंभराहून अधिक बागांचे प्लॉट लिलावाला काढले. बागवाले विरोधाला उभे राहिले तेव्हा त्यांनी साम्यवादाचा जमाना संपला, अशा अर्थाचं काहीतरी ऐकवलं. लिलावाच्या आदल्या दिवशी दोन संस्थांनी ते प्लॉट विकत घेतले: एक 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' आणि दुसरी गायिका-अभिनेत्री बेट मिडलर यांनी काढलेली. मिळून सुमारे ४२ लाख डॉलर. म्हणजे वीस वर्षं ज्यांनी विटा वेचल्या त्यांची बाग शेवटी पैसेवाल्यांनी वाचवली. सगळ्या वाचल्या नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवरची एस्पेरान्झा बाग बुलडोझरने काढली. नव्या पाडकामाला न्यायालयाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर या बागेचं काम संपलं होतं. एस्पेरान्झा म्हणजे आशा. २००२ मध्ये नवे महापौर आणि राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल यांच्यात तडजोड झाली. पुष्कळ बागा उद्यान खात्याकडे किंवा विश्वस्त संस्थांकडे कायमच्या गेल्या, काही घरांसाठी सोडल्या. आज ग्रीनथंबकडे साडेपाचशेच्या वर बागा आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गरिबांना घरं हवीत, बागा कशाला अडवता, हा प्रश्न पोकळ नव्हता. बागवाल्यांपैकी कित्येकांना स्वतःलाच घर नीट नव्हतं. पण घरासाठी म्हणून घेतलेली जागा नेमकी कुणाच्या घरासाठी जाते, हे बघितल्याशिवाय त्या प्रश्नाला मान डोलावू नये. आपल्याकडेही नाही.

आता फिलाडेल्फिया. तिथली गोष्ट कमी रंगीत आहे आणि म्हणूनच मला जास्त कामाची वाटते. कारखाने गेले, १९५० साली वीस लाखांवर असलेली वस्ती पंधरा लाखांपर्यंत उतरली, आणि शहरात चाळीस हजारांच्या आसपास रिकामे प्लॉट झाले. तिथल्या 'पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटी' या जुन्या संस्थेने काय केलं? कचरा उचलला, जमीन सपाट केली, माती घालून गवत पेरलं, मोजकी झाडं लावली आणि भोवती गुडघ्याएवढं लाकडी कुंपण घातलं, मध्ये वाट सोडून. मग मोसमात दर पंधरा दिवसांनी गवत कापलं. इतकंच. बाकं नाहीत, कारंजं नाही, कोनशिला नाही.

त्या कुंपणाची मला कमाल वाटते. ते कुणालाही अडवत नाही, कुणीही ते ओलांडू शकतो. पण गाडीभर राडारोडा घेऊन आलेल्या माणसाला ते सांगतं, इथे कुणाची तरी नजर आहे. आपल्याकडे आपण सात फुटी भिंत बांधतो, वर काचा लावतो, आणि मग भिंतीमागे काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

तिथल्या डॉक्टर आणि संशोधकांनी याची रीतसर परीक्षा घेतली, औषधाची घेतात तशी. ५४१ प्लॉट चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. एका गटात वर सांगितलं ते सगळं केलं, दुसऱ्यात फक्त कचरा उचलला, तिसऱ्याला हात लावला नाही. निकाल २०१८ मध्ये छापून आले. हिरव्या केलेल्या प्लॉटांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटतं म्हणणाऱ्यांचं प्रमाण, जिथे काही केलं नव्हतं त्या वस्तीच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. गरीब वस्त्यांत बंदुकीच्या हिंसेत २९ टक्क्यांची घट दिसली. माजलेल्या गवतात बंदूक लपवता येते, कापलेल्या गवतात येत नाही, हे त्याचं एक साधं कारण. आणि नुसता कचरा उचलल्याने लोकांच्या मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आपल्या स्वच्छता मोहिमांनी हे वाक्य कार्यालयात लावून ठेवावं. एका प्लॉटचा खर्च सुमारे १,६०० डॉलर आणि नंतर वर्षाला सुमारे १८० डॉलर. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पहिला खर्च करायला कुठलंही सरकार तयार होतं, दुसरा दरवर्षी करावा लागतो आणि त्याचं उद्घाटन होत नाही.

पण फिलाडेल्फिया उचलून इथे लावता येणार नाही. तिथे माणसं गेली म्हणून जमीन उरली. आपल्याकडे माणसं येतच आहेत आणि जमीन उरलीच तर तिच्यावर आधी दहा जणांचे डोळे असतात. मुंबईच्या गिरण्यांइतकं याचं मोठं उदाहरण नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, ५८ गिरण्या, आणि त्यांच्याखाली सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या अगदी मधोमध. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न उरला तो जमिनीचा. १९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र आराखडा सुचवला, तुकड्यातुकड्यांची वाटणी टाळण्यासाठी. तो कागदावर राहिला. २००१ मध्ये नियमात एक दुरुस्ती झाली: वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त ज्या भागावर बांधकाम नाही तेवढ्याची. गिरण्यांची बहुतेक जमीन शेडखाली होती. एका शब्दाने दोन तृतीयांशाचं गणित कोसळलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आज लोअर परळला पुलावरून जाताना काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. महापालिकेच्याच पाहणीनुसार मुंबईत दर माणशी वापरता येईल अशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. चटई पसरली तर तिच्यावर एक माणूस पाय दुमडूनच झोपू शकेल.

असं असूनही त्याच शहरात, मिठी नदीच्या काठाला, धारावीला लागून, जिथे एकेकाळी शहराचा कचरा टाकत होते, तिथे सदतीस एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं. १९९४ मध्ये ते लोकांना खुलं झालं. कचऱ्यावर माती पसरून, झाडं लावून, वर्षानुवर्षं वाट बघून जंगल वाढवलं. माझ्या मते मुंबईतलं ते सर्वांत शिकवणारं उद्यान आहे, कारण त्यात खालचा कचरा विसरता येत नाही. ते टिकलं, कारण जमीन सार्वजनिक यंत्रणेकडे राहिली आणि तिथे रोज येणारी शाळेची मुलं होती. तरीही आजूबाजूच्या पुनर्विकासाच्या चर्चेत त्याचं नाव अधूनमधून येतं आणि लोकांना पुन्हा उभं राहावं लागतं.

मुंबईतलीच दुसरी गोष्ट. ओव्हल मैदान १९९० च्या दशकात उकिरड्यासारखं झालं होतं. आसपासच्या रहिवाशांनी कोर्टात जाऊन, मग स्वतः पैसे उभे करून त्याची निगा घेतली. चांगलं झालं. महापालिकेनेही मैदानं आणि बागा 'दत्तक' द्यायचं धोरण आणलं, आणि दत्तक पालकांत काही संस्था अशा निघाल्या की मैदानावर क्लब, जिमखाना, पोहण्याचा तलाव आणि दारात सभासद नसलेल्यांना अडवणारा रखवालदार. जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा तसंच धोरण सभागृहात मंजूर झालं, इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. दत्तक हा शब्दच मला इथे चुकीचा वाटतो. बाग पोरकी नाही. तिचं पालकत्व कायद्याने ज्याच्याकडे आहे त्याने ते पार पाडायला हवं.

मुंबई मोठी म्हणून तिचं बोललो. पण माझा खरा विषय नाशिक, सांगली, कोल्हापूर, संभाजीनगर, लातूर, तुमचं-माझं शहर हाच आहे. आपल्याकडे लेआउट मंजूर करताना, जमीन चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर तिचा दहा टक्के भाग मोकळा सोडावा लागतो. नकाशावर तो हिरव्या रंगाने दाखवलेला असतो. बोलीत आपण त्याला 'ओपन स्पेस' म्हणतो, अगदी आजीसुद्धा. या ओपन स्पेसचं पुढे काय होतं याचा एक ठरलेला क्रम मी अनेक गावांत पाहिलाय. आधी दहा वर्षं गाजरगवत. मग कोपऱ्यात एक छोटं देऊळ, कुणाच्या तरी नवसाचं. मग देवळापुढे पत्र्याचा मांडव, मग फरशी. मग आमदार निधीतून समाजमंदिर, त्याच्या शेजारी नगरसेवक निधीतून व्यायामशाळा, वर अभ्यासिका. मग ग्रीन जिमची चार लोखंडी यंत्रं, ज्यांचा रंग पहिल्या पावसात आणि बेअरिंग दुसऱ्या पावसात जातं. शेवटी पेव्हर ब्लॉक. यातली एकेक गोष्ट चांगल्या हेतूने झालेली असते. सगळ्या मिळून जागा संपते. देवळाबद्दल बोलताना लोक आवाज खाली करतात, म्हणून स्पष्ट सांगतो: २९ सप्टेंबर २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सार्वजनिक जागेवर कुठल्याही धर्माचं नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू द्यायचं नाही. आदेश सगळ्यांना माहीत आहे. पहिली वीट ठेवली जाते तेव्हा बोलायला मात्र कुणी नसतं.

आरक्षित भूखंडांचं दुखणं वेगळं. विकास आराखड्यात तुमच्या घरामागे 'उद्यान' असं लिहिलेलं असेल, तर उद्यान झालं असं समजू नका. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं की आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत जागा घेतली नाही वा संपादनाची कार्यवाही सुरू केली नाही, तर आरक्षण उडतं. आधी ही मुदत सहा महिने होती. नुसता प्रस्ताव पुढे पाठवला म्हणजे कार्यवाही झाली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं. मालकाची बाजूही समजून घ्या. दहा वर्षं जमीन अडकवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, हा अन्यायच आहे. पण नोटीस येते, फाइल टेबलावर राहते, मुदत टळते आणि मग सगळे म्हणतात, काय करणार, कायदाच तसा आहे. मुदत आपोआप टळत नाही. ती टळू दिली जाते.

उलट बाजूचा एक निकाल मी नेहमी सोबत ठेवतो. बेंगळुरूमध्ये आराखड्यातल्या बागेची जागा खाजगी रुग्णालयाला दिली होती. रुग्णालय म्हणजे चांगलंच काम, त्यात काय वाईट, असा युक्तिवाद होता. शेजारच्या रहिवाशांनी दावा लावला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बागेची जागा बागेचीच, आणि ती वाचवण्यासाठी कोर्टात यायचा अधिकार तिथे राहणाऱ्या कुणालाही आहे. जमीन नावावर नसलेल्या माणसाला इतका भक्कम आधार दुसरीकडे क्वचित मिळेल.

आता प्रत्यक्ष कामाचं थोडं. राडारोड्याच्या जागेत चुना आणि सिमेंट असतं. तिथे नाजूक रोपं तग धरत नाहीत. वरचा थर उचलून पोयटा माती आणि कंपोस्ट घातल्याशिवाय रोप लावू नका. करंज, कडुनिंब, शिरीष, बहावा, ताम्हण ही आपली झाडं अशा जागेत जीव धरतात, आणि पहिले तीन उन्हाळे पाणी दिलं तर पुढे फारसं मागत नाहीत. हल्ली प्रत्येक महापालिकेला मियावाकी जंगलाची हौस आहे: चौरस मीटरला तीन-चार रोपं, भोवती जाळी, फलक. मोठ्या जागेच्या कडेला ते ठीक आहे. पाच गुंठ्यांच्या ओपन स्पेसमध्ये ते लावलं की तीन वर्षांत आत कुणाला शिरता येत नाही, मुलं रस्त्यावर खेळतात आणि जागा हिरवी असूनही कुणाचीच नसते. फोटो मात्र ड्रोनने फार छान येतो.

आणि कुणासाठी? या प्रश्नावर वस्त्यांत जेवढी भांडणं होतात तेवढी झाडांवर होत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघाला चालायला गोल ट्रॅक हवा, पोरांना क्रिकेट, कुत्रेवाल्यांना सकाळ, आणि ज्या बायका दुपारी कामं उरकून तासभर मोकळ्या असतात त्यांच्यासाठी बाग बंद. अकरा ते चार कुलूप. घरकामाला येणारी बाई एका घरून दुसऱ्या घरी जाताना डबा खायला कुठे बसते, हा प्रश्न कुठल्याही उद्यान समितीत मी ऐकलेला नाही. 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई' ही पाटी लावणाऱ्यांनी बारा-चौदा वर्षांच्या मुलाने कुठे जायचं तेही पाटीवर लिहावं. ही भांडणं वाईट नाहीत. जिथे ती होतात तिथे जागेला राखणदार असतो. न्यूयॉर्कच्या कासितांतही भांडणं होतीच. तोड एकच: वेळा वाटून घ्या आणि कुलूप काढा.

पैशाचं म्हणाल तर उभारणीला निधी मिळतोच, तो मागायची गरज पडत नाही. मागायचा तो देखभालीचा. अंदाजपत्रकात तुमच्या प्रभागातल्या ओपन स्पेससाठी वर्षाला किती रक्कम देखभालीला ठेवलीय, माळी कोण, तो किती दिवसांनी येतो, हे विचारा. नवं काही बांधायचं म्हटलं की आधी हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत ना हरकत देऊ नका.

श्रोतेहो, सभेनंतर माझ्याकडे येऊन चांगलं बोललात म्हणू नका. उद्या महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि आपल्या कॉलनीच्या मंजूर लेआउटची प्रत मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये आहे.